झुंबरअण्णांनी गाळलेला भाग

"टोमॅटो खोटं बोलत नाय, रचणारा बोलतो." झुंबरअण्णा काकड हे एकदा आपल्या सख्ख्या मेव्हण्याला म्हणाले होते, त्याच्याच दारात, त्याच्याच कॅरेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून. माल तळापर्यंत चांगला निघाला. अण्णांचा संशय त्यामुळे फिटला नाही, उलट वाढला. एवढा चांगला माल बाजारात न जाता घरी कसा राहिला?

मखमलाबादच्या मळ्यात त्यांनी उभं आयुष्य टोमॅटो, फ्लॉवर आणि मेथी पिकवली आणि पंचवटीच्या मार्केटात नेऊन विकली. तिथं त्यांची एक रीत होती. भाव पटला नाही की ते बोलत राहायचे. पावसावर, खतावर, व्यापाऱ्याच्या बापावर. पटला की एक शब्द नाही. उठायचे आणि चालू लागायचे. नवा व्यापारी घाबरायचा, म्हातारा चिडला की काय. जुने निमूट माल ओढून घ्यायचे.

माणसांवर न ठेवलेला विश्वास अण्णांनी एका मालिकेवर ठेवला होता. मालिका परदेशी, हिंदीत बोलणारी. तिचं खरं नाव घरात कोणी घेत नसे. सगळे नुसतं 'यान' म्हणत. एक मोडकं अंतराळयान आपल्या ग्रहाकडे परत निघालंय आणि वीस वर्षं झाली तरी पोचलेलं नाही. गोजराबाई होत्या तोवर दोघं नवरा-बायको मिळून बघत. त्या गेल्यावर अण्णा एकटे बघू लागले, शेजारची खुर्ची न हलवता. "यानात खोटं बोलणारा उघडा पडतोच," ते म्हणत. "फक्त सात-आठ वर्षं दम धरावा लागतो."

हे सगळं त्यांची नात वेदिका लहानपणापासून पाहत आली होती, म्हणूनच तिनं ती युक्ती केली.

युक्ती रोहितसाठी होती. रोहित देवळ्याचा, सातपूरला कंपनीत कामाला. वेदिकाला त्याच्याशीच लग्न करायचं होतं आणि अण्णांच्या होकाराशिवाय त्या घरात कोणाचं लग्न ठरत नव्हतं. तिच्या वडिलांचंही ठरलं नव्हतं. आधीची दोन स्थळं अण्णांनी मोडली होती. एका मुलाचे बूट फार नवे होते, दुसरा फार हसला. यानाविषयी बोलणाऱ्या माणसाशी मात्र अण्णा थोडे सैल होत. पण शेकडो भाग रोहितनं कधी बघायचे?

अण्णा ओट्यावर मेथी निवडत बसले होते. वेदिका शेजारी बसली, तिनंही एक जुडी सोडली.

"अण्णा, माझ्या एका मैत्रिणीला यान बघायचंय. तिला वेळ नाही. नेमके महत्त्वाचे भाग सांगा ना."

ते काय म्हणतील हे तिला ठाऊक होतं. दूध पाहिजे म्हणून गाय सोडून नुसते सड दावणीला बांधता येतात का? त्यावर उत्तरही तिनं तयार ठेवलं होतं.

"सांगतो की," अण्णा म्हणाले. आणि काड्या मोडत मोडत त्यांनी नऊ भाग सांगितले. तिनं ते मोबाइलमध्ये टिपून घेतले.

इतकं सोपं कसं झालं? नऊ भाग रोहितकडे गेले आणि वेदिकाची झोप उडाली. ज्या माणसानं गॅसचा सिलिंडर वजन केल्याशिवाय कधी घेतला नाही, त्यानं मैत्रिणीचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. पुढेही विचारलं नाही. जेवताना ते आपल्याकडे बघतात असं तिला वाटे; ती वर बघे तेव्हा ते भाकरीकडे बघत असत.

"विचारत नाहीत ना?" तिची आई मनीषा म्हणाली. "म्हणजे कळलंय त्यांना."

"मग बोलत का नाहीत?"

"मला काय विचारतेस? पंचवीस वर्षं झाली या घरात येऊन, माझ्या वरणात मीठ किती हे ते अजून आधी चाखून बघतात."

शेवटी रोहितला रविवारी दुपारी बोलावलं. वेदिकानं त्याला फोनवर पढवलं: लहानपणापासून यान बघतो म्हणायचं, जास्त हसायचं नाही, जुने बूट घालायचे. फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की आपण रचतोय. वर तांबडे, खाली देवाला माहीत.

रोहित आला. मनीषानं चहा-चिवडा ठेवला. अण्णांनी आधी त्याच्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"गाव?"

"देवळा."

"म्हणजे कांदा. चाळीत भरून ठेवता तुम्ही लोक. बाहेरून काय कळत नाय, आत किती सडलाय."

"वासावरून कळतं, अण्णा. नाक पाहिजे फक्त."

अण्णांनी चिवड्यात चमचा घालून खालचे दाणे वर आणले, बघितले.

"आमच्या वेदीची मैत्रीण ती तूच का?"

वेदिका फरशीकडे पाहू लागली. तिला फरशीचा प्रत्येक सांधा दिसत होता.

"मीच," रोहित म्हणाला.

"यान बघतोस म्हणं. कधीपासून?"

आता तो म्हणेल, लहानपणापासून.

"पंधरा दिवसांपासून. नऊ भाग बघितलेत, तेही तुम्ही सांगितलेले." त्यानं वेदिकाकडे पाहिलं नाही. "आणि अण्णा, राग मानू नका, पण तुम्ही दिलेला माल बरोबर नव्हता."

अण्णांनी चमचा खाली ठेवला.

"काय कमी होतं मालात?"

"तो म्हातारा इंजिनवाला. तुमच्या यादीतल्या चौथ्या भागात तो जिना धडाधडा चढतो, पाचव्यात पाय ओढत चालतो. का, ते कोणी सांगत नाही. मधलं काहीतरी काढून घेतलंय. मला वाटलं, चुकून राहिलं असेल. मग वाटलं, हा माणूस चुकणारा नाही. मुद्दाम काढलंय."

"माझ्यावर संशय घेतलास?"

"घेतला. आणि तो भाग शोधून बघितला."

वेदिकानं तो भाग पाहिलेला नव्हता. अण्णांनी मात्र पाहिला होता, तिच्या आजीच्या शेजारी बसून. त्यांचा चेहराच ते सांगत होता. "यांना सांग, काय हाय त्यात," ते मनीषाकडे आणि वेदिकाकडे बोट करून म्हणाले.

"त्या म्हाताऱ्यानं एक पोर वाढवलेली असते यानात. तिला वाटेतल्या एका वस्तीवर उतरायचं असतं, एका मुलासाठी. म्हातारा दाराला कुलूप घालतो. मग यानाला आग लागते, दार अडकतं. तो ते उघडतो आणि पुन्हा बंद होऊ नये म्हणून मधे पाय घालतो. ती उतरून जाते."

"हं. तुला कसा वाटला?"

"अर्धा भाग म्हातारा त्या मुलाला फार छळतो."

मनीषानं पदर तोंडाला लावला.

"आन् उरलेला अर्धा?"

"दार शेवटी तोच उघडतो, अण्णा."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले, कॅरेटच्या तळाकडे बघावं तसे. वेदिका वाट पाहत होती. आता ते पावसावर बोलतील. कांद्यावर, देवळ्यावर, रोहितच्या बापावर. एकदा त्यांचे ओठ हललेसुद्धा. पण त्यांनी ते पुन्हा मिटले. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, खुंटीवरची टोपी काढली.

"चिडले का?" रोहित अर्धवट उभा राहत कुजबुजला.

वेदिकानं त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. अण्णांनी चपला पायात सरकवल्या आणि एक शब्दही न बोलता ते दाराबाहेर पडले.