डोमाच्या ताटलीतले छर्रे

कारध्याच्या डोमाला मी खुळा म्हणायचो. तोंडावर म्हणायचो, गावचा गुरुजी होतो ना मी! बाप-आजे वैनगंगेत जाळं टाकत गेले आणि हा पुलाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान मांडून बसला. एक चाक खोललं की दोन तास. लोक करवादायचे, पण जायचे त्याच्याकडेच.

त्याची एक रीत होती. चाकाच्या आसाभोवती बसवायचे छर्रे, त्या बारीक पोलादी गोळ्या, आधी पितळी ताटलीत ओतायचे, ताटली जराशी कलती धरायची आणि बोटानं टिचक्या मारत राहायचं. छर्रे सारखे असले की आपोआप एकमेकांना खेटून बसत, दोरी धरून रोवलेल्या धानासारखी रांगेला रांग लागे. त्यात एखादा किंचित मोठा घुसला की रांगा वाकत आणि कुठंतरी चीर पडे.

"एकच मोठा असला ना गुरुजी, त सारा भार त्याच्यावरच येते," डोमा सांगायचा. "मंग तो फुटते, अन् चालतं चाक जागीच अडकते."

एकोणऐंशी साली माझी यशोदा भंडाऱ्याच्या कॉलेजात जाऊ लागली. एकुलती एक पोर. रोज सायकलनं पूल ओलांडायची, मागंपुढं ट्रक. ती परत येईपर्यंत तिची आई, सत्यभामा, दारातून हलायची नाही.

एका सकाळी पुढचं चाक कुरकुरू लागलं. अकराला तिचा पेपर. मी सायकल घेऊन तणतणत डोमाकडे गेलो, मागोमाग यशोदा. जुने छर्रे झिजले होते. त्यानं नवी पुडी ताटलीत रिकामी केली, टिचक्या मारल्या. काठाजवळ चीर पडली.

मी विज्ञान शिकवणारा माणूस! "हा बघ चोर," म्हणत मी चिरेतलाच एक छर्रा उचलून फेकला.

"नाही जी. चोर चिरेत नाही सापडत. तो दूर चुपचाप बसून रायते, अन् रांग भलतीकडंच मोडते. थांबा थोडे, एकेक काढून पायतो."

त्यानं पुन्हा टिचकी मारली. चीर सरकली, मिटली नाही.

"ताटलीला पोचा आहे तुझ्या. बसव!"

"काहून घाई करता, गुरुजी? पोरगी पुलावरून जाते."

"पेपर बुडाला तर तू देणार आहेस का? चार बुकं शिकला नाहीस आणि मला शिकवतोस?"

डोमाची मान खाली गेली. त्यानं त्याच पुडीतले छर्रे मोजून घेतले, ग्रीस भरलं, चाक बसवलं. यशोदा घाईघाईनं निघाली, मागं वळून हसलीसुद्धा.

पुलाच्या मध्यावर चाक अडकलं. पोर हँडलवरून पुढं फेकली गेली आणि मागचा ट्रक थांबू शकला नाही. आणखी काय सांगू? माझी जीभ झडली असती त्या सकाळी तर बरं झालं असतं.

तेरवीला सगळं गाव जमलेलं असताना डोमा अंगणात आला. "मीच टाकलो ते छर्रे," म्हणाला. "माहीच चुकी." आता हा माझ्याकडे बघेल, असं मला वाटलं. त्यानं बघितलं नाही. मीही तोंड उघडलं नाही.

महिनाभरात दुकानाकडे कुणी फिरकेना. डोमा बापासारखं जाळं घेऊन नदीवर जाऊ लागला.

सत्यभामा आणखी आठ वर्षं जगली. रोज दिवेलागणीला तुळशीपुढं उभी राहून ती डोमाचं वाटोळं मागायची, आणि मी तिच्या शेजारी हात जोडून उभा असायचो.