जहाजाचा वाकडा कणा घेऊन यावल ते दोंडाईचा

जायचं ठरलं ते गव्हामुळे. वर्षाचा गहू घरी येणार होता आणि कोठ्या ठेवण्याजोगी आमच्या घरात एकच जागा, मागची खोली. त्या खोलीत मी सहा वर्षांपासून लाकडाची छोटी जहाजं करतो. यावलमध्ये बसून जहाजं कशाला, असं सगळेच विचारतात. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा चप्पल हातात धरून लांबच उभा राहिलो. पण छंदाला कारण विचारू नये. फोनवर बघत, बोटं कापून घेत शिकलो.

जेवताना सुशीलानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, निकाल सांगितला. "ते वाकडं लाकूड सरळ होणार असेल तर खोली तुमची. नाही तर कोठ्या आत आणि तुमची हत्यारं माळ्यावर."

आता वाकडं कसं झालं ते सांगतो, म्हणजे तुम्ही तरी असं करणार नाही. जहाजाचा कणा म्हणजे तळाशी उभी राहणारी लांब फळी. तिला खाचा असतात आणि त्यात माशाच्या काट्यांसारख्या बरगड्या बसतात. माझा कणा अडीच फुटांचा, पातळ सागवानाचा. चौदा खाचा, चौदा बरगड्या, अख्खा हिवाळा घासून एकेक जोडी जमवलेली. नवा कणा कापायचा म्हणजे चौदा लग्नं पुन्हा जमवायची.

चैत्रात गच्चीवर सुशीलाचे बिबडे वाळत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, ओल्या कापडावर थापून उन्हात टाकतात. खाचा साफ करायला मी कणा धुतला होता. म्हटलं, आयतं ऊन आहे, आयतं कापड आहे. दिला ठेवून बिबड्यांच्या रांगेत.

दुपारी सुशीला वर आली. "अहो, ते उलटं टाका. वळेल."

"लाकूड आहे ते, बिबडं नाही!" मी खालूनच ओरडलो.

संध्याकाळी बघतो तर कण्याची दोन्ही टोकं वर आणि पोट खाली. पाळणा झाला होता.

मग माझे उपाय सुरू झाले. तीन दिवस त्यावर पाटा ठेवला, पाट्यावर वरवंटा, वरवंट्यावर जुनी शिलाई मशीन. काढलं की कणा पुन्हा पाळणा. ओला टॉवेल गुंडाळून इस्त्री फिरवली, तर टॉवेलचा रंग लाकडाला लागला. शेवटी सुशीलाच म्हणाली, "माझ्या माहेरी धनाआबा सुतार आहेत. औताचे दांडे सरळ करतात. चला, मीही येते."

तिचं माहेर दोंडाईच्याजवळ. मी अडुसष्ट वर्षांचा, म्हणून एसटीत मला अर्धं तिकीट. तिला बाई म्हणून अर्धं. दोघं मिळून एका तिकिटात जळगाव आणि धुळे असे दोन जिल्हे ओलांडता येतात. आमच्या वयाच्या जोडप्यांनी हा हिशोब ध्यानात ठेवावा.

सकाळी सहाच्या गाडीनं निघालो. पिशवीत केळीच्या दोन फण्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला कणा. फडकं टोकाला सुटलं होतं, तिथून खाचा दिसत होत्या. भुसावळच्या पुढे समोरच्या सीटवरच्या बाईंना राहवेना.

"एवढा मोठा कंगवा कोणाचा हो?"

मी काही बोलायच्या आत सुशीला म्हणाली, "यांचाच." त्या बाईंनी माझ्या टकलाकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

जळगावला गाडी बदलली. धुळ्याचा रस्ता आता छान रुंद झालाय. एरंडोल, पारोळा कधी मागे पडतं कळत नाही. पण एप्रिलात निघणार असाल तर दहाच्या आत धुळं गाठा. आम्ही साडेअकराला उतरलो तेव्हा स्टँडवरचा बाक बसू देईना. जवळच्या खाणावळीत शेवभाजी मागवली. तिखट इतकं की कानातून वाफा. वेटरला म्हटलं, "कमी तिखट नाही का?" तो म्हणाला, "बाबा, हेच कमी शे." त्याला बोल लावता येईना, कारण आमच्या पिशवीत ठेचा होता आणि तो आम्ही वरून घेतच होतो.

दोंडाईचा जवळ आलं की गाडीतले शिंकू लागतात. हा मिरचीचा गाव. पाटीकडे बघायची गरज नाही, नाक सांगतं. तिथून रिक्षानं सुशीलाच्या माहेरगावी पोहोचलो.

धनाआबा लिंबाच्या झाडाखाली पेरणीच्या तिफणीचा दांडा तासत बसले होते. ऐंशीच्या पुढचे, कानावर पेन्सिल. सुशीलाला बघून हातातला वाकस खाली ठेवला.

"अक्का, जावाईले काय हुई गयं? उतरेल तोंड दिखस."

"त्यांना काही नाही झालं. लाकडाला झालंय."

मी फडकं सोडलं. आबांनी कणा हातात घेतला. "हाई काय शे?"

"जहाजाचा कणा."

"जहाज?" त्यांनी आधी माझ्याकडे, मग आभाळाकडे पाहिलं. "दोंडाईचाले समुद्र कव्हय उना?" मी म्हणालो, "अजून यावललाही आलेला नाही."

मग त्यांनी एक डोळा मिटला आणि बंदूक धरावी तसा कणा धरून टोकापासून टोकापर्यंत पाहिलं. "तीन सूत वाकडं." आमचे सुतार इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. घरी मी फूटपट्टीनं मोजलं होतं, तेही बरोबर तेवढंच.

मी पाटा, वरवंटा, मशीन, इस्त्री असं सगळं सांगितलं. आबा हसून हसून खोकले.

"दाबीसन काय व्हस, भाऊ? एक बाजू प्यायेल शे, एक बाजू कोरडी शे. कोरडीले पानी द्या, प्यायेलले ऊन द्या. उलटं टाका, बस!" आणि वर विचारलं, "घरमा कोन्ही सांगं नही का?"

मी सुशीलाकडे चोरून पाहिलं. ती लिंबाकडे बघत शांतपणे केळ सोलत होती.

आबांनी गोणपाट भिजवून जमिनीवर पसरलं. कण्याची पोकळ बाजू गोणपाटावर, फुगीर बाजू उन्हाला. गोणपाट वाळू नये म्हणून अधूनमधून पाणी शिंपडायचं. दोन तासांत मधला फुगवटा खाली बसायला लागला. पण सरळ झाल्यावरही आबा थांबले नाहीत. एक जाड सरळ दांडा घेतला, मध्ये लाकडाची पाचर सारली आणि कणा उलट्या बाजूला अर्धा सूत वाकवून सुतळीनं बांधला.

"आता हा उलटा वाकला की," मी घाबरून म्हणालो.

"मानूस सुधरना तरी थोडा मांगे जास. लाकूडबी जास. तेन्हासाठे थोडं जास्तीनं." आठ दिवस सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असं उभं ठेवायचं, आणि पुढे रोगण लावाल तर दोन्ही बाजूंना सारखं. पैसे घेतले नाहीत. केळीची एक फणी घेतली, तीही आधी दाबून बघून.

रात्र माहेरी काढून दुसऱ्या दिवशी परत येताना कणा त्या चार फुटी दांड्याला बांधलेला. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ही काठी टेकून चालायची की टपावर ठेवायची?" आम्ही ती मांडीवर आडवी घेऊन बसलो, एक टोक माझ्याकडे, एक सुशीलाकडे. पारोळ्यापर्यंत ती ऊन आलं की पदरानं आपलं टोक झाकत होती. मी तिला म्हटलं, "तू सांगितलं होतंस." ती म्हणाली, "ऐकू आलं होतं म्हणजे."

आठ दिवस कसे गेले विचारू नका. पाचव्याच दिवशी गहू आला. पोती ओसरीवर थप्पी लावून ठेवली आणि येणारा जाणारा विचारू लागला, "आत का नाही ठेवत?" सुशीला सांगायची, "निकाल लागायचाय."

नवव्या दिवशी सुतळी कापली. कणा टेबलावर ठेवला, दोरा ताणून पाहिला. एका टोकाला अर्धा सूत बाक राहिलाच होता. लपवावा असं क्षणभर मनात आलं. पण तिनं आबांसारखा एक डोळा मिटून पाहिलंच. "इथं राहिलंय."

"हो," मी म्हणालो. मनात हत्यारं माळ्यावर चढायला लागली.

तिनं बरगड्यांचा डबा ओढला. एक उचलली, खाचेत सारली. बसली. दुसरी, तिसरी. आठवी जरा अडली, तर तिनं ती फिरवून घातली. मी सहा महिने उलटीच धरत होतो. चौदाही बसल्या.

"राहू द्या," ती म्हणाली. कोठ्या आमच्या झोपायच्या खोलीत गेल्या. पलंग भिंतीला सरकला आणि आता उतरायला एकच बाजू उरलीय, तीही तिची.

मग ती फळीवरचं माझं पहिलं जहाज उचलून बघायला लागली. "हे पाण्यात तरंगतं का हो?"

सहा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही कधी टाकून पाहिलं नव्हतं. तिनं कपडे भिजवायचा टब नळाखाली लावला. जहाज पाण्यात सोडलं. ते एक क्षण ऐटीत उभं राहिलं आणि म्हशीसारखं कुशीवर लवंडलं.

सुशीलानं ते काढून पदरानं पुसलं आणि विचारलं, "आता याला घेऊन कुठल्या गावाला जायचं?"