आप्पांचा जबडा

सलग नऊ दिवस मी वडिलांच्या जबड्याकडं बघत जेवलो. कारण फारसं कुणाला सांगितलेलं नाही. (एकदाच सांगितलं. तेही गरजेपेक्षा जास्त.)

उन्हाळा आला म्हणून मी कूलरचं जुनं लाकडी स्टँड मोडलं आणि त्याची एक फळी, खिळे वर करून, गॅलरीत शेणखताच्या पोत्यापाशी टाकली. संध्याकाळी आप्पांनी तिच्यावर पाय दिला. अर्धं गारखेडा गोळा झालं. फळी कुणी टाकली, यावर खल झाला. आप्पांनी वरच्या मजल्यावरच्या काकडे मंडळींचं नाव घेतलं आणि त्या दिवसापासून त्यांचा रामराम बंद केला. मी गप्प राहिलो. (गप्प राहणं मला चांगलं जमतं.)

"खिळ्याला गंज न्हाय," आप्पा म्हणाले. "बिब्याचा चटका देतो, झालं."

"दिल्या, ह्यांना आधी सुई टोचून आण!" आई म्हणाली.

दवाखान्यातही आप्पांनी तेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, गंजाचा काही संबंध नाही. धनुर्वाताचा जंतू मातीत, शेणात असतो. एकदा झाला की आधी जबडा धरतो."

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. काढा, चूर्ण, गोळी, काहीही नवं असलं की ते आधी मी घ्यायचं. मी तासभर टिकलो की मग आप्पा घेतात. आज माझं वय एकावन्न आहे.

"आधी ह्याला टोचा," आप्पा म्हणाले. "ह्यानंबी लई वर्षांत घेतलं नसंल."

डॉक्टरांना ते पटलं. मला टोचलं. मी आडवा झालो. डोळे उघडले तेव्हा रिक्षात होतो आणि आप्पा मला टोपीनं वारा घालत होते. त्यांची सुई राहूनच गेली होती.

दारातच आईनं विचारलं, "झालं का इंजेक्शन?"

"झालं," मी म्हणालो. आप्पा टोपी झटकत आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना न्यायचं ठरवलं, तर ते फिरायला गेलेले. तिसऱ्या दिवशी मला ऑफिस. चौथ्या दिवशी इतका उशीर झाला होता, की सांगायचीच लाज वाटली. मग मी जबड्यावर पहारा ठेवला. त्यांना कडक भाकरी वाढली, फुटाणे दिले.

"आप्पा, एक जांभई द्या ना."

"येड्या, जांभई काय मागून येती व्हय?"

दहाव्या दिवशी आप्पा बोलेनात. काहीही विचारा, नुसतं "हूं." ओठ घट्ट मिटलेले. रिक्षात आप्पांना घातलं, शेजारी आई बसली, आणि दवाखान्यात शिरताच मी फुटलो.

"डॉक्टर, ह्यांना इंजेक्शन दिलंच नव्हतं! आई, मी खोटं बोललो! आणि ती फळी काकड्यांची नव्हती, माझी होती! मीच टाकली होती!"

डॉक्टर काहीतरी सांगू बघत होते. तेवढ्यात आप्पा शांतपणे उठले, बेसिनपाशी गेले आणि तंबाखूचा बार थुंकला. (तंबाखूवर आईची बंदी होती, आणि सकाळपासून आई त्यांच्याजवळून हलली नव्हती.)

"सुई तर मी दुसऱ्याच दिशी टोचून घेतली," ते म्हणाले. "तू कधी तोंड उघडतो, ते बघत व्हतो."

मी सुटकेचा श्वास सोडला.

"पण फळीचं," आप्पा चप्पल काढत म्हणाले, "मला आत्ता कळलं."

कबुली देता देता फळीपर्यंत आलो, त्या घटकेला जबडा मिटायला हवा होता तो माझा.