थरथरीला गुण देणारी डोलोरेस

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात राहणारी डोलोरेस वॉयचिक एकोणीस वर्षं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळत होती. दारू मेंदूचं काय करते, याचा तिथं शोध चाले. आधी पिंजरे धुणं, भुसा बदलणं एवढंच तिचं काम होतं. पुढे तिचा हात बसला, तेव्हा मुख्य संशोधक हालवर्सनबाईंनी तिच्यावर एक नाजूक काम सोपवलं. उंदरांना तीन दिवस दारूच्या वाफेत ठेवायचं, मग एकदम बाहेर काढायचं आणि दर तासाला शेपटीनं अलगद उचलून पाहायचं. काही नुसते थरथरत, काहींना झटका येई. डोलोरेस त्या थरथरीला शून्य ते चार गुण देई. नवशिके डॉक्टर आपला आकडा गुपचूप तिच्या आकड्याशी ताडून बघत.

असं का होतं, ते हालवर्सनबाईंनी तिला सोप्या शब्दांत सांगितलं होतं. "दारू मेंदूला दाबून ठेवते, म्हणून मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. दारू अचानक काढून घेतली, की नुसता तो जोर उरतो."

तिचा धाकटा भाऊ कॅझ तिच्याच घराच्या वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. बसगाड्यांचा मेकॅनिक, बोलायला गोड, आणि सकाळपासून ब्रँडी. भाचीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला तो केकच्या टेबलावरच कोसळला, तेव्हा डोलोरेसचा संयम सुटला.

"चारचौघांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस," घरी आल्यावर ती कडाडली. "जरा मनावर घे की! आजपासून एक थेंब नाही. आहे हिंमत?"

"आहे. ओत सगळी."

तिनं स्वतःच्या हातानं बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या.

कॅझनं शब्द पाळला. सोमवार गेला, मंगळवारही सरत आला. डोलोरेसला इतकं बरं वाटलं की मंगळवारी संध्याकाळी ती त्याच्यासाठी सॉसेज आणि आंबवलेला कोबी घेऊन वर गेली. तो घामानं निथळत होता. त्याचा काटा ताटावर टकटक वाजत होता.

"कॉफी जास्त झाली," तो हसत म्हणाला.

डोलोरेसनं त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि तिच्या मनात आपोआप आकडा उमटला: दोन.

"डोली, ही माणसं कधी आली गं?" कॅझ रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाला. पुढच्याच क्षणी तो खुर्चीवरून खाली गेला, दातखीळ बसली, टाचा फरशीवर आपटू लागल्या. त्याला कुशीवर वळवून तिनं रुग्णवाहिका बोलावली.

"इतकी वर्षं पिणाऱ्यानं एकदम सोडायची नसते," इस्पितळातली डॉक्टरीण म्हणाली. "औषध देऊन, हळूहळू. कुणी सांगितलं याला?"

"मी," डोलोरेस म्हणाली. आपण नोकरी कुठं करतो, हे काही तिच्या तोंडून निघालं नाही.

कॅझ वाचला. नऊ दिवसांनी घरी आला, पण पावलं अडखळत होती आणि तो सबंध आठवडा त्याच्या डोक्यातून पुसला गेला होता. कामावर परतल्यावर डोलोरेसनं उंदराकडे हात नेला आणि मागे घेतला.

"मला सगळं ठाऊक होतं, बाई," ती हालवर्सनबाईंना म्हणाली. "उंदराला मी कधी 'मनावर घे' म्हटलं नाही. भावाला म्हटलं."

"घरच्या माणसापुढं मीही फारशी शहाणी नसते," बाई म्हणाल्या. त्यांनी तिला उंदीर उचलायला न लावता पुन्हा पिंजरे धुण्याच्या कामावर ठेवलं.

पाच महिने कोरडे गेले आणि हिवाळ्यात कॅझच्या तोंडाला पुन्हा ब्रँडीचा वास येऊ लागला. या वेळी डोलोरेसनं बाटलीला हात लावला नाही. ती त्याला दर गुरुवारी व्यसनमुक्ती दवाखान्यात घेऊन जाऊ लागली. कधी तो उतरे, कधी गाडीतच बसून राही. अशाच एका गुरुवारी तिनं त्याला न आठवणाऱ्या त्या आठवड्याचं सगळं, स्वतःच्या चुकीसकट, सांगून टाकलं.

"तू नसतं म्हटलंस, तरी मी सोडणारच होतो," कॅझ म्हणाला.

"खोटं बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत." तो काचेतून दवाखान्याच्या दाराकडे बघत राहिला. "आज जाऊन येतो. पुढच्या गुरुवारचं मला विचारू नकोस."

त्याला पायरी चढायला वेळ लागला. डोलोरेस गाडीतून उतरली नाही. तिनं हात धरून नेलेलं त्याला आवडत नसे.