सुकटीच्या डब्यातला पेनड्राइव्ह

आज सुकट भाजताना आमच्या गावची, कापड्याची एसटी आठवली. नोकरीसाठी मला एक प्रोग्राम लॅपटॉपवर चालवून दाखवायचा होता. सूचनेप्रमाणे एक फाइल टाकली की तो दुसरीच मागायचा. गावात नेट नव्हतं. मी एसटीच्या ड्रायव्हरकाकांकडे चिठ्ठी धाडायची आणि महाडची ताई हवी ती फाइल पेनड्राइव्हवर भरून, सुकटीच्या डब्यात घालून एसटीने पाठवायची.

तिसऱ्या खेपेला ड्रायव्हरकाकांनी इंजिनच बंद केलं. "आधी लावून बघ गो. नाय चाललं तर चिठ्ठी हिथंच दे."

मी सोबत आणलेला लॅपटॉप थांब्यावरच उघडला आणि अख्खी गाडी खिडक्यांतून वाकली. प्रोग्राम चालला, आणि काकांनी लांबलचक हॉर्न दिला!

आता फाइली आपोआप उतरतात. तरी काम झालं की ऑफिसात मी तोंडानेच हॉर्न वाजवते.