नेफ्यातली कवडी

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. अक्षर वेडंवाकडं, ऱ्हस्वदीर्घ कळत नाही. कधी कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. बोलायला लाज वाटते म्हणून लिहिते.

आमचं गाव तामलवाडी. निजामी हाली रुपया जाऊन सरकारी कलदार रुपया आला त्या सुमाराला माझ्या आतड्याला पीळ पडला. सोलापूरच्या दवाखान्यात सडलेला तुकडा कापून आतडं जोडलं. जोड सांधेपर्यंत त्यावर ताण नको म्हणून डॉक्टरांनी पोटावरून वाट काढून दिली. मळ तिथून, फडक्यात. जीव वाचला, पण मी चुलीपाशी जाईना, लेकराला जवळ घेईना. मंगळवारी परडी घेऊन जोगवा मागायचा आमच्या घरचा नेम, तोही सासूबाईच चालवायच्या. तुळजापूर जवळ, पण असलं पोट घेऊन आईसमोर कुठल्या तोंडानं उभी राहू? मनात यायचं, तिनं मला अर्धंच का वाचवलं?

वाट बंद करायची तर आधी जोड सांधला का ते बघायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, "पोटाचा फोटो काढू. खालून पांढरं औषध सोडायचं. ते आतड्यातच राहिलं तर जोड पक्का. बाहेर झिरपलं तर वाट अशीच ठेवावी लागेल, कदाचित कायमची."

मला फक्त 'कायमची' ऐकू आलं. सासूबाईंना फक्त 'फोटो'. त्यांनी जन्मात एकच फोटो पाहिलेला, पाटलांच्या ओसरीवरचा. त्यात पाटलीणबाई देव्हाऱ्यापुढं बसल्या होत्या. फोटोच्या दिवशी दवाखान्यातल्या आयाबाईंनी माझ्या गळ्यातली कवड्यांची माळ काढायला लावली तेव्हा सासूबाई पुटपुटल्या, "फोटोला बसायचं अन् अंगावर देवीचं काईच नगं?" मग दवाखान्याचा परकर मला त्यांनीच नेसवला.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. जोडाच्या शेजारीच पांढरा डाग. "औषध बाहेर आलेलं दिसतंय," ते म्हणाले. म्हणजे वाट कायमची, एवढंच मला कळलं. मग फिल्म जवळ घेऊन म्हणाले, "पण डाग जरा वेगळाच आहे. आणखी एक फोटो घेतलेला बरा."

त्याचे पैसे आधी भरायचे होते आणि मालकांचा खिसा रिकामा. ते व्हरांड्यात मान खाली घालून उभे राहिले. जळकोटची एक बाई भावाला घेऊन आली होती. तिनं पदराची गाठ सोडली.

"घ्या दादा. भावाला अजून लई दिस हितंच काढायचेत. मला आताच लागत न्हाईत."

"बाई, वळख ना पाळख..."

"तामलवाडीचे म्हनता न्हवं? तामलवाडी कुटं पळून जातीया?"

दुसऱ्या फोटोआधी आयाबाई परकर बदलायला लागल्या आणि नेफ्यातून एक कवडी फरशीवर पडली. सगळे सासूबाईंकडं बघायला लागले.

"फोटोत देवी यावी म्हनून म्या खोचली," त्या म्हणाल्या. "पाटलिणीच्या फोटोत हाय."

डॉक्टरांनी पहिली फिल्म पुन्हा उजेडाला धरली, पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. "आली आहे की, आजी."

दुसरा फोटो स्वच्छ निघाला. जोड पक्का होता. पुढं वाट बंद झाली, टाके सुकले आणि मी लेकराला मांडीवर घेतलं.

कुणी म्हणेल, म्हातारीनं घोळ घातला. खरंच आहे. पण ज्या डागाला मी एवढी भ्याले, तो डाग म्हणजे आईच होती. मी तिच्यापुढं जायला लाजत होते आणि ती माझ्या घाणीचा विटाळ न मानता कमरेला चिकटून बसली होती. तेव्हापासून काही वाईट दिसलं तरी मी लगेच खचत नाही. पुढचं तिच्यावर सोडते.

ज्वारी निघाल्यावर मालक जळकोटला जाऊन निम्मे पैसे देऊन आले. उरलेले द्यायला मी स्वतः मोटारीनं गेले. बाईचा भाऊ अंगणात दोर वळत बसला होता. तिनं मला पाणी दिलं, पैसे न मोजताच पदराला गाठ मारली आणि म्हणाली, "फिटले बरं का, वैनी."