फाट्यावर मी निवडलेला रस्ता

मंडळी, आमची शेगावची पायी दिंडी आज मुक्कामाला दोन तास आधी पोचली. रस्ता मी ठरवला होता. दुपारपर्यंत त्याचीच शेखी मिरवत होतो. आता तोंड लपवावंसं वाटतंय.

साखरखेर्ड्याहून निघालेले आम्ही चाळीस जण. चिखलीच्या पुढे एका फाट्यावर दोन रस्ते होतात. आमचा नेहमीचा रस्ता एका वस्तीवरून वळसा घेऊन जातो. तिथे सुमनमावशी दरवर्षी सगळ्यांचे पाय गरम पाण्याने धुते, पिठलं-भाकरी वाढते. त्यात फार वेळ जातो म्हणून यंदा मी सगळ्यांना सरळ डांबरी रस्त्याने आणलं. मावशीचा नंबर माझ्याकडे होता. फोन केला नाही.

दुपारी मुक्कामावर एक ऑटो थांबला. मावशी उतरली. मागोमाग भाकरींची टोपली आणि पिठल्याचं पातेलं.

"काऊन रे बाप्पा, माह्यं काही चुकलं काय? तीनदा पानी तापवलं मी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "नाही मावशी, आम्ही रस्ता चुकलो."

तिचा चेहरा लगेच उजळला. "असं व्हय! मले वाटलं, रागावले तुम्ही. आता पुढच्या वर्षी मीच फाट्यावर येऊन उभी राह्यतो."

पहिली भाकरी तिने मलाच वाढली. मी खाल्लीसुद्धा.

आता तिचा नंबर उघडून बसलोय. खरं कोणत्या तोंडानं सांगू, सांगा कोणीतरी.